पाण्यास जागा राखणारे इंजिनियर : सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वसई तालुक्यात जन्मलेल्या मुलास पावसाचे भय वाटावयाचे कारण नाही. पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर, पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वैतरणेची खाडी व दक्षिणेस उल्हास नदीचे मुख जी वसईची खाडी ती, अशा चतुःसीमेत ही भूमी वसलेली आहे. डोंगरावर पडलेले पाणी ओढ्यानाल्यांनी खाली उतरावे, शेतांत व खाजणांत पसरावे, वाड्यांतील बावखलांत विसावावे आणि ओहोटी लागताच बांधांच्या उघाड्यांतून खाडीस मिळावे, असा क्रम आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या पाहिला व जपला. पाऊस हा त्यांच्या घरचा वार्षिक पाहुणा असे, आणि त्या पाहुण्यास बसावयास जागा राखलेली असे.

सन २०१८ च्या जुलै महिन्यात मात्र निराळाच देखावा दिसला. काही दिवस लागोपाठ मुसळधार वृष्टी झाली. वसई, नालासोपारे व विरार येथील कित्येक वस्त्यांत पाणी शिरले, रेल्वेचे रूळ बुडून गाड्या बंद पडल्या, वीज गेली, मिठागरांतील कुटुंबे चोहोंकडून पाण्याने वेढली गेली. डोंगर पूर्वीचाच होता, समुद्र पूर्वीचाच होता, आणि मोठा पाऊस हाही काही आपणास नवखा नव्हता. बदलली होती ती पाण्याची जागा. जेथे पूर्वी पाणी पसरत असे, तेथे भराव घालून इमारती उभ्या राहिल्या होत्या.

अशा प्रसंगी जो तो पावसास दोष देतो, नाही तर अधिकाऱ्यांस देतो. परंतु पाण्याचा स्वभाव ओळखून, त्याशी न भांडता, त्यास योग्य जागा नेमून देणारा एक महापुरुष आपल्या देशात होऊन गेला. त्याच्या चरित्राचे मनन केले असता आपल्या गावच्या ह्या संकटावर पुष्कळ प्रकाश पडेल असे वाटते. तो पुरुष म्हणजे सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या. त्यांचे नाव सामान्यतः म्हैसूर संस्थानाशी जोडले जाते. परंतु त्यांनी इंजिनियरीची विद्या संपादिली ती पुण्यास, आणि चोवीस वर्षे चाकरी केली ती मुंबई इलाख्यात, ज्यात आपली वसईही मोडत असे. त्या दृष्टीने ते आपलेही आहेत.

विश्वेश्वरय्या ह्यांचा जन्म १८६० च्या सुमारास, १५ सप्टेंबर रोजी, म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरनजीक मुद्देनहळ्ळी ह्या लहानशा खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतज्ञ व सात्त्विक वृत्तीचे गृहस्थ होते. घरी विद्या होती, द्रव्य मात्र नव्हते. विश्वेश्वरय्या लहान असतानाच पितृछत्र हरपले आणि त्यांच्या शिक्षणाचा भार मातेवर व आप्तांवर पडला. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असता दुसऱ्यांच्या मुलांस शिकवून त्यांनी आपला योगक्षेम चालविला. ज्याने दिव्याच्या तेलाचाही हिशेब ठेवून विद्या मिळविली, तो पुढे पाण्याच्या थेंबाचाही हिशेब ठेवू लागला, ह्यात नवल ते काय?

१८८१ साली ते बी. ए. झाले. त्यानंतर म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती देऊन त्यांस पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनियरीच्या अभ्यासास धाडले. तेथील १८८३ च्या परीक्षेत ते साऱ्या इलाख्यात पहिले आले आणि पुढील वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून दाखल झाले. नाशिक, खानदेश, सिंध, सुरत, पुणे असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. रस्ते व इमारती त्यांनी बांधल्याच. परंतु त्यांचे मन ओढ घेई ते पाण्याकडे.

नोकरीच्या आरंभीच त्यांस पाण्याने एक धडा दिला. धुळ्याजवळ पांझरा नदीच्या पात्राखालून नळ घालून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळा सुरू होऊन नदीस पूर येऊ लागले, तेव्हा हे काम पाऊस संपेपर्यंत तहकूब ठेवावे असे त्या तरुण इंजिनियरने वरिष्ठांस लिहिले. वरिष्ठांस ते रुचले नाही. हा मनुष्य अडचणीस भितो असा त्यांचा ग्रह झाला. विश्वेश्वरय्यांनी मग वाद न घालता काम हाती घेतले आणि पुराच्या व वाळूच्या अडथळ्यांतून मार्ग काढून ते तडीस नेले. वरिष्ठांची नाराजी दूर झाली. त्याहूनही मोठा लाभ हा की, नदीचे पात्र उन्हाळ्यात कितीही कोरडे दिसले तरी ते पाण्याचेच घर आहे, ही गोष्ट ते अगदी लहान वयात प्रत्यक्ष अनुभवाने शिकले.

पुढे १८९४ च्या सुमारास सिंधमधील सक्कर शहरास पाणी पुरविण्याचे काम त्यांजकडे आले. सिंधू नदीचे पाणी गढूळ, आणि ते गाळून स्वच्छ करण्यास नगरपालिकेपाशी पैसा अपुरा. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदवून वाळूच्या थरांतून झिरपून आलेले निर्मळ पाणी वर घेतले. निसर्गाने वाळू व माती ह्यांस जी गाळण्याची व मुरविण्याची शक्ती दिली आहे, तिचाच त्यांनी उपयोग केला. आपल्याकडील विहिरींस वाडीच्या वालुकामय मातीतून गोडे पाणी मिळते ते ह्याच नियमाने. आणि ही माती फरसबंदीखाली झाकली म्हणजे ते मिळेनासे होते तेही ह्याच नियमाने.

पुण्यास असताना त्यांनी जे काम केले, त्याने त्यांचे नाव इंजिनियर लोकांत सर्वत्र झाले. पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण आहे. पावसाळ्यात तलाव भरला म्हणजे वरचे पाणी सांडव्यावरून वाहून जाई, आणि उन्हाळ्यात मात्र तलावातील साठा अपुरा पडे. धरणाची भिंत उंच करावी तर खर्च फार, शिवाय जुन्या भिंतीवर अधिक भार पडण्याचे भय. विश्वेश्वरय्यांनी आपल्या कल्पनेने सांडव्यावर बसविण्याचे स्वयंचलित दरवाजे सिद्ध केले व १९०३ साली ते तेथे बसविले. त्यांची रचना अशी की, सांडव्याच्या माथ्यावर सुमारे ८ फूट पाणी ते अडवून धरीत. पाणी त्या मर्यादेवर चढू लागले की कोणी मनुष्य न लागता ते आपोआप उघडत आणि जादा पाणी निघून गेले की आपोआप मिटत. भिंत होती तेवढीच राहिली, पण साठा वाढला. पुढे ग्वाल्हेर संस्थानातील तिग्रा धरणावर व म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही ह्याच जातीचे दरवाजे बसले. ह्या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले होते. परंतु तो सरकारी नोकरीत असता लागलेला शोध, सबब त्याबद्दल मोबदला घेणे उचित नव्हे, असे म्हणून त्यांनी तो नाकारला.

पाण्यास मर्यादेपर्यंत धरावे आणि मर्यादेपलीकडील पाण्यास मोकळी वाट द्यावी, हा त्या दरवाजांचा धर्म होता. ह्या दोहोंपैकी एकच साधले तर अनर्थ होतो. १२ जुलै १९६१ रोजी वरच्या अंगास बांधकाम चाललेले पानशेतचे धरण फुटले, त्याचा लोंढा येऊन खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि पुणे शहर जलमय झाले, हे पालकांपैकी पुष्कळांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेच असेल. माणसाने बांधलेल्या प्रत्येक भिंतीस मर्यादा आहे. म्हणूनच भिंतीच्या जोडीस पाण्यास जागाही लागते.

विश्वेश्वरय्यांच्या अंगी मोठी योग्यता असूनही खात्यातील अत्युच्च पद त्या काळी देशी मनुष्यास मिळण्याची आशा नव्हती. १९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली व परदेशच्या प्रवासास निघाले. ह्याच वर्षी हैदराबादेवर असे अरिष्ट कोसळले की, त्यांच्या आयुष्यातील एक अत्यंत महत्त्वाचे कार्य त्यांच्याकडे चालून आले.

हैदराबाद ही निजामाच्या राज्याची राजधानी. आपला मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात होता. शहराच्या मधून मुसी नदी वाहते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी तिला जो महापूर आला, तसा पूर तेथील लोकांनी पूर्वी पाहिला नव्हता. नदीच्या वरच्या खोऱ्यातील शमशाबाद येथे २४ तासांत सुमारे १३ इंच व ४८ तासांत सुमारे १९ इंच पाऊस पडला. खोऱ्यात शेतीसाठी बांधलेले शेकडो लहान तलाव होते. त्यांपैकी दोनशेहून अधिक एकामागून एक फुटले, आणि वरच्या तलावाचे पाणी खालच्या तलावावर, त्याचे त्याहून खालच्यावर, असे आदळत तो लोंढा राजधानीवर येऊन पडला. पूल वाहून गेले, मोहल्लेच्या मोहल्ले जमीनदोस्त झाले, हजारो माणसे दगावली. अफझलगंजच्या बागेतील एका मोठ्या चिंचेच्या झाडावर चढून बसलेली सुमारे दीडशे माणसे तेवढी त्या भागात वाचली असे सांगतात. ते झाड हैदराबादेस आजही मोठ्या आदराने दाखवितात.

ह्या संकटानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांस पाचारण केले. परदेशातून परत येऊन त्यांनी १९०९ च्या एप्रिलमध्ये काम आरंभिले. त्यांची कामाची रीत विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रथम त्यांनी उपाय सुचविला नाही. प्रथम मोजमाप केले. संस्थानातील व शेजारच्या मुंबई व मद्रास इलाख्यांतील पर्जन्यमानाचे आकडे जमविले. पुराचे पाणी कोठे किती चढले ह्याच्या खुणा तपासल्या. शहराच्या वर मुसीचे खोरे किती चौरस मैलांचे आहे, त्यात तलाव किती, त्यांपैकी कोणते फुटले व कोणते टिकले, ह्याची गणना केली. मुसीच्या त्या खोऱ्यात त्यांस ७८८ तलाव आढळले. आलेल्या पुराचा वेग त्यांनी दर सेकंदास सुमारे सव्वाचार लक्ष घनफूट असा काढला. इतके पाणी शहराच्या मधून सुखरूप नेईल एवढे पात्र रुंद करावे तर अर्धे शहरच पाडावे लागेल.

तेव्हा त्यांनी प्रश्नच उलटा मांडला. पाणी शहरात आल्यावर त्याचे काय करावे हे विचारण्यापेक्षा, ते एकदम शहरात येऊच नये म्हणून काय करावे, असे त्यांनी विचारिले. शहराच्या वर मुसी व तिला मिळणारी ईसी ह्या दोन्ही नद्यांवर मोठे जलाशय बांधावे. अतिवृष्टीचे पाणी त्यांत थोपवावे. आणि खालच्या पात्रास झेपेल इतकेच पाणी हळूहळू सोडावे, अशी योजना त्यांनी दिली. शहराच्या आत नदीचे काठ बांधून उंच करावे, काठाने रस्ते व बागा कराव्या, आणि शहराच्या सांडपाण्याची गटारे शास्त्रशुद्ध रीतीने घालावी, ह्याही गोष्टी त्या योजनेत होत्या. त्यांचा अहवाल १९०९ च्या ऑक्टोबरात पुरा झाला. त्याबरहुकूम मुसीवरील उस्मानसागर १९२० साली व ईसीवरील हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. ह्या तलावांनी शहरास पूर्वीसारख्या महापुरापासून संरक्षण दिले, आणि पिण्यास पाणीही दिले.

आता ह्या योजनेतील मर्म पाहा. पुरापासून रक्षण करणारा तलाव पाऊस पडण्यापूर्वीच काठोकाठ भरून ठेविला, तर पुराच्या दिवशी त्याचा उपयोग शून्य. त्यातील वरची जागा मोकळी असली पाहिजे; ती मोकळी जागा हेच शहराचे खरे संरक्षण होय. खडकवासल्यास विश्वेश्वरय्यांनी रिकामी जागा पाण्याने भरण्याची युक्ती काढली. हैदराबादेस त्यांनी पाण्यासाठी जागा रिकामी राखण्याची युक्ती सांगितली. अज्ञ मनुष्यास रिकामी जागा दिसली म्हणजे ती वाया गेली असे वाटते. सुज्ञ मनुष्य विचारतो, ही जागा कोणासाठी राखून ठेविली आहे?

हैदराबादच्या कथेस एक उत्तरार्धही आहे, आणि तो आपण मनावर घ्यावा असा आहे. मोठे जलाशय नद्यांचे पाणी थोपवू शकतात. परंतु खुद्द शहरावर जो पाऊस पडतो, तो त्यांच्या खालच्या अंगास पडतो. तो सामावून घेण्यासाठी शहरात व भोवताली लहान तलावांच्या रांगाच्या रांगा होत्या. शहर वाढले तसे त्यांतील कित्येक तलाव आक्रसले, कित्येक बुजले, आणि एका तलावातून दुसऱ्यात पाणी नेणाऱ्या चरांवर घरे झाली. २०२० च्या ऑक्टोबरात अतिवृष्टी झाली तेव्हा तलावांचे बांध फुटले व तलावांच्या पोटात आणि पायथ्याशी बांधलेल्या वस्त्यांत पाणी शिरले. अनेक माणसे प्राणास मुकली. १९०८ साली संकट नदीच्या मार्गाने आले. २०२० साली ते बुजविलेल्या व दुर्लक्षिलेल्या तलावांच्या मार्गानेही आले. थोर इंजिनियरने केलेली मोठी व्यवस्था कितीही चांगली असली, तरी प्रत्येक वस्तीने आपापली लहान व्यवस्था सांभाळली नाही तर ती अपुरी पडते.

हैदराबादचे काम आटोपून विश्वेश्वरय्या १९०९ च्या अखेरीस म्हैसूर संस्थानाचे चीफ इंजिनियर झाले. कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम त्यांच्या प्रयत्नाने १९११ साली सुरू झाले. १९१२ ते १९१८ पर्यंत ते संस्थानाचे दिवाण होते. शाळा, कारखाने, बँक, विद्यापीठ अशा अनेक संस्था त्या काळात निघाल्या. १९१५ साली त्यांस सर ही पदवी मिळाली. दिवाणगिरी सोडल्यानंतरही त्यांनी विसावा घेतला नाही. मुंबईत समुद्र हटवून बॅकबे येथे जमीन काढण्याचे जे काम चालले होते, त्याच्या चौकशीसाठी १९२६ साली नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर ओरिसात जाऊन त्यांनी महानदीच्या पुरांचा अभ्यास केला, आणि तेथेही वरच्या अंगास जलाशय बांधून पाणी थोपविण्याचाच विचार पुढे ठेविला. १९५५ साली राष्ट्राने त्यांस भारतरत्न ही पदवी अर्पण केली. १९६० साली त्यांची जन्मशताब्दी साजरी झाली ती त्यांच्या हयातीतच. आणि १९६२ च्या एप्रिल महिन्यात हा कर्मयोगी कालवश झाला. त्यांचा जन्मदिवस १५ सप्टेंबर हा आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

विद्यार्थिमित्रहो, आता आपण आपल्या वसईकडे वळू. १९०८ च्या हैदराबादेची व आपली स्थिती सर्वस्वी सारखी नाही. आपल्याकडे मुसीसारखी एक मोठी नदी नाही. डोंगरातून उतरणारे अनेक ओढे आहेत, सपाट जमीन आहे, आणि पुढे समुद्र आहे. समुद्रास भरती असते तेव्हा खाडी पाणी घेत नाही, उलट आत लोटते. म्हणून भरतीच्या वेळी जो पाऊस पडेल, त्यास ओहोटी लागेपर्यंत काही तास कोठे तरी थांबावयास जागा हवी. ही जागा म्हणजेच आपली भाताची शेते, खाजणे, मिठागरे, तळी व बावखले. मुसीवर विश्वेश्वरय्यांनी जे काम दोन मोठ्या जलाशयांकडून करवून घेतले, तेच काम आपल्याकडे ही शेकडो लहान स्थळे बिनबोभाट करीत आली आहेत.

बावखल म्हणजे काय हे पश्चिम पट्ट्यातील मुलांस सांगावयास नको. वाडीत खोदलेले ते लहानसे तळे. पावसात घराच्या पाख्यांचे व वाडीचे पाणी त्यात जमते, हळूहळू जमिनीत मुरते, शेजारच्या विहिरीचे पाणी गोडे राखते आणि केळी, पानवेल, भाजीपाला ह्यांस उपयोगी पडते. परंतु जमिनीचे मोल वाढले तसे बावखल हा निरुपयोगी खळगा वाटू लागला. कोणी त्यात केरकचरा टाकला, कोणी राडारोडा टाकून ते सपाट केले, कोणी त्यावर घर उठविले. एक बावखल बुजले तर गावास कळतही नाही. पन्नास बुजली म्हणजे मग रस्त्यावर गुडघाभर पाणी उभे राहते आणि जो तो म्हणतो, हे पाणी कोठून आले?

ह्याचा हिशेब विश्वेश्वरय्यांच्या रीतीने करून पाहू. एक गुंठा जमीन म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. जुलैत एका दिवसात चार इंच पाऊस पडणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. तेवढ्या पावसाने एका गुंठ्यावर सुमारे १० हजार लिटर पाणी पडते, आणि एका एकरावर ४ लक्ष लिटरांहून अधिक. जमीन वाडीची किंवा शेताची असली तर त्यातील बराच भाग मातीत मुरतो, झाडांच्या मुळाशी राहतो किंवा बांधाच्या आत थांबतो. जे वाहते ते सावकाश वाहते. तीच जमीन भराव घालून उंच केली, तिच्यावर गच्च्या, फरसबंदी व सिमेंटचे रस्ते केले, म्हणजे बहुतेक सर्व पाणी काही मिनिटांतच शेजारच्या सखल जागेवर जाऊन पडते. नवी इमारत उंचावर कोरडी राहते आणि तिच्या पायथ्याशी असलेले जुने घर बुडते. ज्याचे घर बुडते त्याचा ह्यात काहीच अपराध नसतो.

वसई, विरार, नालासोपारे व नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपरिषदा व भोवतालची गावे मिळून २००९ साली महानगरपालिका झाली; २०११ च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या १२ लक्षांवर भरली. इतक्या लोकांस निवारा हवाच. गरीब कुटुंबे मुंबईचे भाडे परवडत नाही म्हणून येथे आली. त्यांस दोष देणे हे न्यायाचे नव्हे आणि ख्रिस्ती धर्मासही शोभणारे नव्हे. घरे बांधू नयेत असे कोणीही म्हणत नाही. प्रश्न एवढाच की, घराबरोबर त्याच्या पाण्याचीही सोय केली की नाही? २०१८ च्या पुरानंतर महानगरपालिकेने मुंबईची आय. आय. टी. व नागपूरची नीरी ह्या संस्थांकडून पुराच्या कारणांचा अभ्यास करविला. त्यातून जे उपाय निघाले त्यांत धारण तलाव, म्हणजे पावसाचे पाणी काही काळ थोपवून धरणारे तलाव, हाही एक होता. शंभर वर्षांपूर्वी हैदराबादेस सुचविलेलाच तो उपाय होय.

पाश्चात्त्य देशांत अनेक ठिकाणी असा दंडक आहे की, इमारत होण्यापूर्वी त्या भूखंडावरून जितके पाणी ज्या वेगाने वाहत असे, त्याहून अधिक वेगाने ते इमारत झाल्यावर वाहू नये. जादा पाणी बांधणाऱ्याने आपल्याच हद्दीत तळ्यात, टाकीत किंवा मुरण-खड्ड्यात थोपवावे. आपल्याकडेही मोठ्या नव्या इमारतींस पर्जन्यजल साठविण्याची तरतूद नियमाने सांगितलेली आहे. परंतु नियम कागदावर असतो आणि पाणी जमिनीवर. दोहोंची भेट घडविणे हे नागरिकांचे काम आहे.

ह्यास्तव पालकांस विनंती की, नवे घर घेताना भिंतीचा रंग व खिडकीतील वारा पाहता, तसेच एक प्रश्न अवश्य विचारा : ह्या इमारतीचे पावसाचे पाणी कोठे जाते? शेजाऱ्याच्या अंगणात जाते असे उत्तर आले, तर त्या घराची किंमत कोणी तरी दुसरा भरतो आहे असे समजा. ज्यांच्या वाडीत अद्यापि बावखल आहे, त्यांनी ते आपल्या मुलांस वारसा म्हणून द्यावे. उन्हाळ्यात त्यातील गाळ काढावा, त्याकडे येणारा चर मोकळा ठेवावा.

विद्यार्थ्यांसही करण्याजोगे पुष्कळ आहे. विश्वेश्वरय्यांनी प्रथम मोजले आणि मग सांगितले. तुम्हीही तसेच करा. सरळ काठाचे एक भांडे उघड्यावर ठेवून रोजचा पाऊस पट्टीने मोजा व वहीत टिपा. आपल्या गावात बावखले, तळी व नाले किती आहेत ह्याचा नकाशा काढा. आजोबा-आजीस विचारून पूर्वी किती होती हेही त्यात दाखवा. पाणी कोणत्या दिवशी, किती पावसाने व भरतीच्या कोणत्या वेळी रस्त्यावर आले ह्याची नोंद ठेवा. अशी नोंद दहा वर्षे राहिली तर तिच्यापुढे कोणाचेही मोठे बोलणे टिकणार नाही.

शुभवर्तमानात घर बांधणाऱ्या दोन मनुष्यांचा दृष्टान्त आहे. एकाने खडकावर बांधिले, दुसऱ्याने वाळूवर. पाऊस पडला, पूर आले, आणि एकाचे घर टिकले, दुसऱ्याचे पडले. लहानपणापासून आपण तो ऐकत आलो आहो. आजच्या काळी त्याबरोबर आणखी एक विचार मनात यावयास हवा : माझे घर खडकावर असेल, टिकेलही, परंतु माझ्या घरावरून उतरलेल्या पाण्याने माझ्या शेजाऱ्याचे घर पडत नाही ना? शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा पावसाळ्यात पाण्याच्या वाटेपर्यंत जाऊन पोचते. विश्वेश्वरय्या ख्रिस्ती नव्हते. परंतु आपल्या विद्येचा उपयोग त्यांनी पाण्याच्या वाटेत राहणाऱ्या दुबळ्यांच्या रक्षणार्थ केला. त्यांच्यासारखी मोठी धरणे बांधण्याचा योग आपल्यापैकी एखाद्यासच येईल. पाण्यासाठी आपल्या वाडीत थोडी जागा राखण्याचा योग मात्र प्रत्येकास, आणि येत्या मृगाच्या आतच, येण्यासारखा आहे.